कारागीर जवान मुरलीकांत

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात, राजे आठवतात. आज आम्ही एका साध्या जवानाचा इतिहास सांगणार आहोत. तो आपल्याच सांगली जिल्ह्यातला. आपलं कवठे महांकाळ जिल्ह्याच्या पूर्वेला, पावसाची वाट बघणारं. त्याचं पेठ गाव पश्चिमेला, इस्लामपूरजवळ. नाव मुरलीकांत राजाराम पेटकर, जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा.

पेटकर सैन्यात ज्या दलात होते, त्याला ईएमई म्हणतात. सैन्याच्या गाड्या, रणगाडे, तोफा, रेडिओ दुरुस्त करणारं हे दल. तिथल्या साध्या शिपायाला 'क्राफ्ट्समन', म्हणजे कारागीर, असंच पद असतं. लढाई बंदुकीवर चालते असं आपल्याला वाटतं. पण गाडी बंद पडली तर बंदूक पुढं जाणार कशी? ती गाडी चालू ठेवणारे हात या कारागिरांचे. पेटकरांचे हात आणखीही एका गोष्टीत तरबेज होते. सिकंदराबादला ते दलाकडून बॉक्सिंग खेळायचे.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झालं. त्यात पेटकरांना गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात गेली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. वय अवघं वीस. बॉक्सिंग पायांच्या जोरावरही खेळतात, त्यामुळं तो खेळ तिथंच संपला.

पण गडी एका जागी बसणारा नव्हता. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. पाणी अंगाचा भार उचलतं, हे आपल्याला विहिरीवरनं ठाऊक आहे. पोरं पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून पोहायला शिकतात. पण पाय हलत नसले की ते खाली ओढतात. मग सगळं अंग फक्त हातांनी ओढून न्यावं लागतं. पेटकरांनी तेच केलं. शिवाय टेबल टेनिस धरलं, भालाफेक धरली, चाकाच्या खुर्चीवरून अडथळे पार करायची शर्यतही धरली. एक दार बंद झालं म्हणून त्यांनी बाकीची दारं ठोठावायची सोडली नाहीत.

अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेला पॅरालिम्पिक म्हणतात. १९६८ साली तेल अवीवला भारत त्यात पहिल्यांदा उतरला आणि पेटकर तिथं टेबल टेनिस खेळले. पुढची स्पर्धा १९७२ साली जर्मनीत, हायडेलबर्गला. प्रवासखर्चाचा प्रश्न होता, तेव्हा क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदत केली. तिथं पेटकरांनी आपल्या गटात ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो त्यावेळचा जागतिक विक्रम होता. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक. दुसरं यायला २००४ साल उजाडलं.

पदकानं पोट भरत नाही. पेटकरांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली, कामगारासारखी वर्षानुवर्षं केली. देशाला मात्र त्यांची आठवण उशिरा झाली. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी सिनेमा आला, तेव्हा घरोघरी नाव पोचलं. अर्जुन पुरस्कार हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले खाशाबा जाधव आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मैत्रिणींनो, हे का सांगतोय? गावात कुणाचा पाय गेला, हात गेला, की आपण त्याच नावानं हाक मारतो. लंगडा अमका, थोटा तमका. त्याला काय येतं हे विसरून काय गेलं तेवढंच लक्षात ठेवतो. बाईच्या बाबतीत तर हे जास्तच. पायानं अधू पोरगी शिवणयंत्रावर हातानं किती काम करते, हे बघायच्या आधी तिचं लग्न कसं जमणार याचीच चर्चा. पेटकरांना गोळीवरून ओळखलं असतं तर ते एक जखमी जवान. हातांवरून ओळखलं म्हणून ते सुवर्णपदकवाले.

आपल्या वाड्यावस्त्यांवरही सैन्यातनं आलेले लोक आहेत. कुणी तिथं गाडी दुरुस्त केली, कुणी स्वयंपाक केला, कुणी तारयंत्र सांभाळलं. घरी येऊन कुणी गिरणी चालवली, कुणी सुतारकी. आणि ते सीमेवर असताना इथं शेत, गुरं, सासूसासरे सांभाळले ते त्यांच्या बायकांनी. हे कुठंच लिहिलेलं नाही. पुढच्या बैठकीत बचतगटाच्या वहीत शेवटची चार पानं राखून ठेवा. गावातल्या एका माजी सैनिकाच्या घरी जा. कुठल्या साली भरती झाले, काय काम केलं, आल्यावर काय धंदा केला, ते विचारा. घरातल्या बाईलाही तेच विचारा: त्या वर्षांत तुम्ही काय काय केलं? दोघांचंही लिहा. पुरस्कार यायचे तेव्हा येतील. नोंद करायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.