चिमटीतले यकृत: रक्त थांबवण्याचा आणि परत सोडण्याचा इतिहास

१/ जखमी यकृतातून वाहणारे रक्त थांबवायचे कसे, हा शल्यचिकित्सेपुढील जुना प्रश्न. १९०८ साली त्याचे एक उत्तर प्रसिद्ध झाले. पण त्यातूनच दुसरा प्रश्न जन्मला. रक्त थांबवले, तर यकृत जगवायचे कसे? 🧵

२/ जेम्स होगार्थ प्रिंगल हे ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीतील शल्यचिकित्सक. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते: एक धमनी आणि आतड्यांकडून येणारी एक मोठी शीर. दोन्ही शेजारून जातात. त्या अंगठा व बोटाच्या चिमटीत दाबल्या की रक्तस्राव आवरतो, हे प्रिंगल यांनी दाखवले. त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या चौघांपैकी एकही अखेर वाचला नाही. तरीही त्यांनी ती हकीकत प्रसिद्ध केली.

३/ मात्र चिमटीलाही किंमत होती. ऑक्सिजनअभावी पेशींची ऊर्जा संपत जाते. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे रक्त परतल्यावर हानी थांबत नाही, वाढते. परतलेल्या ऑक्सिजनपासून घातक रेणू बनतात आणि दाह भडकतो.

४/ प्रत्यारोपणात हा प्रश्न अधिक तीव्र झाला, कारण तेथे यकृत काही तास रक्ताविना राहते. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर व जेम्स साउदर्ड यांनी यकृत थंड ठेवण्यासाठी नवे द्रावण सिद्ध केले. मोजक्या तासांची मुदत त्यामुळे जवळजवळ एका दिवसापर्यंत लांबली.

५/ दुसरी वाट हृदयाच्या अभ्यासातून आली. १९८६ साली ड्यूक विद्यापीठातील मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा आधी पाच-पाच मिनिटे चार वेळा रोखला आणि मग सलग ४० मिनिटे. अशा हृदयांत मृत झालेला भाग इतरांच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशच होता. लहान आघाताने अवयवाला मोठ्या आघातासाठी सज्ज केले होते.

६/ २००० साली पिएर-अलँ क्लाव्हिएँ व सहकाऱ्यांनी हेच तत्त्व मानवी यकृतावर वापरले: दहा मिनिटे रक्त बंद, दहा मिनिटे सुरू, मग मुख्य शस्त्रक्रिया. यकृताची हानी घटली. त्याआधी, १९९९ साली, फ्रान्समध्ये जाक बेल्गिती यांच्या चमूने दाखवले होते की सलग दाबण्यापेक्षा १५ मिनिटे दाबून ५ मिनिटे सोडणे यकृताला, विशेषतः आधीच आजारी यकृताला, अधिक मानवते.

७/ आजही या कृतीला प्रिंगल यांचेच नाव आहे. पण तिला सुरक्षित केले ते पुढच्या पिढ्यांनी, चिमटी केव्हा सोडायची हे शिकून. आणि या साऱ्याच्या मुळाशी आहेत ते चार रुग्ण, ज्यांना तिचा लाभ झाला नाही. अपयश लपवले गेले असते, तर पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नसता.