पहिला मान कोणाचा? रामकुंडापासून लिनक्सपर्यंत

१/ घाट एक, मुहूर्त एक आणि आखाडे अनेक. आधी स्नान कोणाचे? पेशवाईत नाशिकच्या सिंहस्थात या प्रश्नावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात रक्तपात झाला आणि निवाडा पेशव्यांकडे गेला, अशी परंपरा सांगते. आजही शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात. जागा विभागून मानाचा तंटा मिटला.

२/ संगणकाच्या इतिहासातही हाच पेच आहे. प्रोसेसर एक, कामे अनेक. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्यात प्रत्येक कामाला आळीपाळीने वेळेचा लहानसा तुकडा मिळे.

३/ पुढे ‘नाइस’ ही आज्ञा आली. नाइस म्हणजे सौजन्य. सामान्य वापरकर्ता आपल्या कामाचे प्राधान्य स्वखुशीने कमी करू शके, वाढवू मात्र शकत नसे. तो अधिकार केवळ ‘रूट’चा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचा.

४/ काही कामांना मात्र आळीपाळी परवडत नाही. ध्वनिमुद्रणात पुढचा तुकडा क्षणभर उशिरा आला की आवाज तुटतो. अशा मुहूर्तबद्ध कामांसाठी १९९३ मध्ये पॉझिक्स मानकात ‘रिअल टाइम’ प्राधान्याचे नियम आले. लिनक्समध्ये त्याच्या १ ते ९९ अशा पायऱ्या आहेत.

५/ ‘फिफो’ या प्रकारातले काम स्वतः थांबेपर्यंत, किंवा वरच्या पायरीचे काम येईपर्यंत, प्रोसेसर सोडत नाही. ते चुकून अखंड फिरत राहिले तर बाकीची कामे खोळंबतात. म्हणून हा मानही रूटपुरताच राखलेला होता.

६/ अडचण येथेच होती. संगीतकाराला हवा होता फक्त वेळेवर पाळीचा हक्क; त्यासाठी हाती घ्यावी लागे रूटची सत्ता, म्हणजे सर्वांच्या फायली वाचण्याची आणि पुसण्याचीही मुभा. पंगतीत पहिले पान हवे म्हणून वाड्याच्या साऱ्या किल्ल्या देण्यासारखेच ते!

७/ २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१२ आवृत्तीने तोड काढली. कोणत्या वापरकर्त्याला कोणत्या पायरीपर्यंत चढता येईल, ही मर्यादा व्यवस्थापक आखून देऊ लागला. २००८ पासून आणखी एक बंधन आले: रिअल टाइम कामांना दर सेकंदातले जास्तीत जास्त ०.९५ सेकंद. उरलेला वेळ सामान्यांसाठी राखीव.

८/ सुमारे २० वर्षांच्या प्रयत्नांनंतर, २०२४ मध्ये, पूर्ण रिअल टाइम क्षमता लिनक्सच्या मुख्य प्रवाहात सामील झाली. मात्र या इतिहासातला खरा टप्पा मला २००५ चाच वाटतो. त्या वर्षी मान आणि सत्ता यांची गाठ सुटली.

९/ २०२६-२७ च्या सिंहस्थात स्नानाचा क्रम लागेल, तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे विचारून पाहा. आधी कोण? आणि ते ठरवणाऱ्याच्या अधिकाराला मर्यादा कोणती?