काचसंलयन

काचेचे दोन किंवा अधिक तुकडे भट्टीत एकमेकांवर वा शेजारी मांडून, ते वाहून न जाता केवळ मऊ पडून एकजीव होतील इतकीच उष्णता देण्याच्या कारागिरीस काचसंलयन म्हणतात. फुंकनळीने भांडी घडविण्यास वितळलेल्या काचेचा रस सतत तयार लागतो, तर संलयनाचा आरंभ थंड, घट्ट काचेपासून होतो. त्यामुळे ते लहान भट्टीत व थोड्या मालावर करता येते. बशी, पेल्याखालची चकती, उदबत्तीचे घर, लोलक अशा छोट्या उपयोगी भेटवस्तूंना आणि संक्रांतीच्या वाणाला हे तंत्र विशेष सोयीचे आहे.

प्रक्रिया : काच हिरकणीने कापून, पुसून, केओलिन व ॲल्युमिना यांचा लेप दिलेल्या फरशीवर रचतात, लेपामुळे ती फरशीला चिकटत नाही. साधारण ७५०° से.च्या आसपास तुकडे परस्परांना धरतात, पण त्यांचा उंचवटा टिकतो, ८००° से.पलीकडे थर सपाट होऊन मिसळतात. मऊ काच पृष्ठताणामुळे सुमारे ६ मिमी. जाडीला स्थिरावू पाहते, म्हणून पातळ तुकडा कडेने आकसून गोल होतो आणि जाड रास बाहेर पसरते. बशीचा खोलगटपणा दुसऱ्या, कमी उष्णतेच्या भाजणीत साच्यावर आणतात. खरी कसोटी थंड करण्याची असते. ५००° ते ५५०° से.च्या टप्प्यात काच थोपवून मग सावकाश उतरविली नाही, तर आत ताण अडकून वस्तू तडकते. जोडलेल्या दोन काचांचे प्रसरणगुणांक जुळत नसतील, तर मात्र कितीही सावकाश थंड केले तरी जोड टिकत नाही.

प्राचीन काळ : जालना जिल्ह्यातील काचवस्तूंचा महत्त्वाचा पुरावा केळना नदीकाठच्या भोकरदन येथे मिळाला. सांची येथील दानलेखांत येणारे भोगवर्धन ते हेच. नागपूर विद्यापीठ व तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी १९७३ मध्ये येथे उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे वृत्तांतात हे स्थळ औरंगाबाद जिल्ह्यातले आहे. सातवाहनकालीन थरांत मौल्यवान दगडांच्या जोडीने काचेचे मणी मिळाले. येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या प्रतिमेशी साम्य असून, पाँपेईची प्रतिमा भोकरदन परिसरात घडली असावी असे मत काहींनी मांडले आहे. ती आरशाची मूठ होती की आसनाचा भाग, याबाबत मतभेद आहेत. कसेही असले, तरी नित्य वापराच्या लहान वस्तूंवर उंची कारागिरी खर्च करणाऱ्या गावात काचमणी मिळणे हे या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

इ. स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात कच्ची काच आयात होत असल्याची व पैठण-तेर येथील माल तेथे जात असल्याची नोंद आहे. त्यावरून दख्खनमधील कारागीर आणलेली काच पुन्हा तापवून मणी घडवीत असणे शक्य वाटते. स्थानिक काचनिर्मितीचा पक्षही अभ्यासक मांडतात. या काळातील सुवर्णवर्खी मणी तर संलयनाचाच लघुरूप नमुना होय. काचेच्या नळीवर सोन्याचा वर्ख चढवून त्यावर पारदर्शक काचेचा दुसरा थर देतात व उष्णतेने दोन्ही जोडतात. असा मणी तुटला की छेदात दोन थरांमधली सोन्याची बारीक रेघ दिसते. भारतीय काचेचा आढावा मो. गं. दीक्षित यांच्या इंग्रजी ग्रंथात (१९६९) आहे.

मध्ययुग : कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात (१९४५–४६) बहमनीकालीन बहुरंगी काचबांगड्या मिळाल्या.

आधुनिक काळ : तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखाना (१९०८) व कराडजवळील ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना (१९१६) हे महाराष्ट्रातील आरंभीचे मोठे उद्योग असले, तरी त्यांचे काम मुख्यतः वितळलेल्या काचेचे होते.