तापमानाची नोंद आणि वेधशाळेची जागा

लिबियातील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदवलेले ५८ अंश सेल्सिअस हे तापमान सुमारे ९० वर्षे जगातील सर्वाधिक मानले जात होते. जागतिक हवामान संघटनेने सखोल तपासणीनंतर २०१२ मध्ये ही नोंद अमान्य ठरवली. वापरलेला तापमापक आणि निरीक्षकाचा अननुभव यांबरोबरच वेधशाळेच्या जागेवरही तज्ज्ञांनी आक्षेप घेतला. तेथील डांबरासारखा पृष्ठभाग भोवतालच्या वाळवंटी जमिनीपेक्षा वेगळा होता. नोंदीत सुमारे ७ अंशांची चूक असावी, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर अमेरिकेतील फर्नेस क्रीक येथील १० जुलै १९१३ ची ५६.७ अंशांची नोंद उच्चांक म्हणून मान्य झाली.

वेधशाळेत जमिनीचे किंवा उन्हाचे नव्हे, तर सावलीतील हवेचे तापमान मोजले जाते. त्यासाठी तापमापक पांढऱ्या, हवा खेळती राहील अशा तिरप्या पट्ट्यांच्या पेटीत ठेवतात. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. संघटनेच्या निकषांनुसार तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असावा आणि जागा मोकळी असावी. उत्तर गोलार्धात पेटीचे दार उत्तरेकडे ठेवतात, जेणेकरून ते उघडताना आत ऊन येत नाही.

सिमेंट आणि डांबर दिवसा उष्णता शोषून घेतात व रात्री ती बाहेर टाकतात. त्यामुळे शहरांतील किमान तापमानावर विशेष परिणाम होतो. संघटनेने वेधशाळांच्या जागांचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गातील जागा उष्णतेच्या कृत्रिम स्रोतांपासून किमान १०० मीटर दूर असते. पाचव्या वर्गात मात्र ५ अंशांपर्यंत तफावत संभवते.

प्रत्येक तफावत म्हणजे चूक नव्हे. मुंबईत समुद्रालगतच्या कुलाब्यापेक्षा सांताक्रूझचे किमान तापमान हिवाळ्यात सहसा कमी असते. दोन्ही नोंदी आपापल्या परिसरापुरत्या खऱ्या असतात. मात्र वेधशाळा हलवली किंवा तिच्याभोवती इमारती उभ्या राहिल्या, तर जुन्या व नव्या नोंदींची थेट तुलना करता येत नाही. शेजारच्या वेधशाळांच्या आधारे त्या पडताळून पाहाव्या लागतात.

या अचूकतेचा लोकजीवनाशी निकटचा संबंध आहे. भारतात मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर पोहोचले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक असले, तर उष्णतेची लाट मानली जाते. अशा वेळी एका अंशाच्या फरकावरही इशारा देण्याचा निर्णय अवलंबून असू शकतो.