तलाठ्याची पेन्शन आणि खासदाराची

गेल्या आठवड्यात एक बाई ऑफिसात आल्या. नवरा तलाठी होता. लाचेच्या केसचा निकाल रिटायर झाल्यावर लागला, शिक्षा झाली, पेन्शन थांबली. ट्रॅपची बातमी त्या वेळी मीच लावली होती, चार कॉलम. बाई भांडायला आल्या नव्हत्या. एवढंच विचारलं, "साहेब, आमदार-खासदारांचीपण अशी बंद होते का?"

तलाठ्याचं सरळ आहे. राज्याच्या १९८२ च्या पेन्शन नियमांत लिहिलंय की पेन्शन चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मिळते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर सरकार ती थोडी किंवा सगळी, कायमचीसुद्धा काढून घेऊ शकतं.

खासदारांसाठी मी केंद्राचा कायदा उघडला. घटनेच्या कलम १०६ मध्ये वेतन आणि भत्ते आहेत, पेन्शन हा शब्दच नाही. १९५४ च्या वेतन कायद्यातही ती सुरुवातीला नव्हती. आली १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीत, विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात असताना. महिना ३०० रुपये, तेही पाच वर्षं पूर्ण केली तर. २००४ मध्ये मुदतीची अट गेली. २०१८ ला रक्कम २५,००० झाली, आता ३१,००० आहे. माजी खासदार राज्यपाल झाला तर तेवढ्या काळापुरती पेन्शन थांबते, हे कायद्यात आहे. तुरुंगात गेला तर? अवाक्षर नाही. मी दोनदा वाचलं.

२०१३ आठवतंय ना? शिक्षा झालेला खासदार तोवर तीन महिन्यांत अपील करून खुर्ची टिकवायचा. १० जुलैला लिली थॉमस खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती पळवाट बंद केली. केंद्राचा वटहुकूम राहुल गांधींनी पत्रकारांसमोर फाडण्याच्या लायकीचा ठरवला आणि तो मागे घ्यावा लागला. ऑक्टोबरात रशीद मसूद आणि लालूप्रसाद यांची खासदारकी गेली. आम्ही आठ कॉलम हेडिंग दिलं. पेन्शनचं काय, हे तेव्हा मलाही सुचलं नाही.

त्या खटल्यात लिलीबाईंच्या सोबतीने लोकप्रहरी ही संस्था होती. तीच पुढे खासदारांच्या पेन्शनविरुद्ध कोर्टात गेली. एप्रिल २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. हा संसदेने ठरवायचा विषय, असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे घेणाऱ्यांनीच ठरवायचं!

मनात आणलं तर सभागृहाला जमतं. हिमाचल विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये विधेयक मंजूर केलं, पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्या आमदाराला पेन्शन नाही. पक्षाशी दगाबाजी बरी दिसते यांना.

सूडाने केस लावून विरोधकाची पेन्शन बंद करतील, असं म्हणणारे भेटतील. भीती खोटी नाही. मग अपिलाचा शेवटचा निकाल लागेपर्यंत नुसती थांबवा, निर्दोष सुटला तर थकबाकीसकट द्या.

बाईंना काल फोन करून सांगितलं, खासदारांची होत नाही. त्या म्हणाल्या, "मग तेपण छापा की."