‘डोराड’ : एका नौकेची स्मृती आणि शब्दाची साक्ष

नाविकांच्या आठवणी इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य मानाव्यात, हा प्रश्न ‘डोराड’ या शिडाच्या नौकेच्या संदर्भात विचारार्ह ठरतो. ऑलिन स्टीफन्स यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी आखलेली ही ५२ फुटी नौका १९३० मध्ये न्यूयॉर्क येथे पाण्यात उतरली. १९३१ मध्ये सात जणांनी तीतून न्यूपोर्ट ते प्लिमथ हे अंतर सुमारे १७ दिवसांत कापून अटलांटिकची शर्यत जिंकली.

नोंदी तिचा वेग सांगतात. नाविकांच्या आठवणी मात्र पाठीमागून वारा असता ती किती हेलकावे खाई, हे सांगतात. ती फारच अरुंद झाली, असे पुढे खुद्द स्टीफन्स यांचेही मत झाले. या साक्षी परस्परविरोधी नव्हेत. ज्या अरुंद बांध्याने तिला वेग दिला, त्यानेच तिला डोलविले.

तिसरी साक्ष भाषेची. लाटांचे पाणी डेकवरच अडवून आत केवळ हवा सोडणारी पेटी ऑलिन यांचे बंधू रॉड यांनी योजिली; तिला नाविक ‘डोराड’ असेच म्हणतात. १९३६ मधील पॅसिफिक शर्यतीतील विजय या नौकेने २०१३ मध्ये पुन्हा मिळविला खरा. परंतु विशेषनामाचे सामान्यनाम झाल्यामुळे, तिच्याविषयी काहीही न ऐकलेला नाविकही तिचे स्मरण नकळत जतन करीत असतो.