मानवत : तपासाच्या नोंदींपासून पडद्यापर्यंत

रहस्यकथा आणि गुप्तहेरकथा यांना मराठी साहित्याच्या दरबारात मानाचे आसन क्वचितच मिळाले. परंतु घरोघरच्या उशाखाली त्यांची जागा पक्की होती. आपल्या वसई तालुक्यातील अर्नाळ्याचे नाव लावणारे बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि त्यांचा काळापहाड वाचून एक अख्खी पिढी वाचनाला लागली. १९९६ साली ते निवर्तले. त्यांच्यामागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही मालिकाच मालिका लिहून वाचनालयांची कपाटे भरली. तथापि, या कागदी नायकांना रुपेरी पडद्यावर इंग्रजी जेम्स बाँडसारखे दीर्घायुष्य लाभले नाही.

बाँडचा प्रवास येथे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. इयान फ्लेमिंग यांची ‘कॅसिनो रॉयल’ ही पहिली कादंबरी १९५३ साली आली. पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीने तिचे तासाभराचे नाट्यरूप केले आणि या ब्रिटिश हेराला खुशाल अमेरिकन करून टाकले. १९६२ साली मालिकेतील पहिला चित्रपट निघाला, तो सहाव्या कादंबरीवर, म्हणजे ‘डॉ. नो’वर. १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये कादंबरीतल्या सोव्हिएत यंत्रणेचे कारस्थान एका काल्पनिक गुन्हेगारी संघटनेच्या माथी मारण्यात आले. १९६४ साली लेखक वारले, तरी नायक जगला. क्रम बदलला, शत्रू बदलला, नट बदलले. पण मुळात सारेच कल्पित असल्यामुळे कोणाचे काही हिरावले गेले नाही. जेथे कथा खरी असते, मेलेली माणसे खरी असतात आणि गावाचे नाव नकाशावर असते, तेथे हे स्वातंत्र्य कितपत घ्यावे? हा प्रश्न महाराष्ट्रापुढे उभा केला तो परभणी जिल्ह्यातील मानवतने.

मानवत हे मराठवाड्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. रेल्वेने जाणाऱ्यास ‘मानवत रोड’ हे स्थानक परिचित असते. १९७२ च्या भीषण दुष्काळात, त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून ४ जानेवारी १९७४ पर्यंत, या गावात एकामागून एक खून होत गेले. बळी गेलेल्या दहाही जणी स्त्रीजातीच्या : पाच दहा वर्षांच्या आसपासच्या मुली, एक तान्हे बाळ आणि चार प्रौढ स्त्रिया. गुप्तधनाचा लोभ आणि संततीची आस यांपायी, पिंपळावरच्या मुंजाला संतुष्ट करण्यासाठी कुमारिकांचे रक्त हवे, अशा समजुतीतून हे बळी घेतले गेले, असे सरकार पक्षाने न्यायालयात मांडले. आया मुलींना पाण्याला धाडीनाशा झाल्या, तिन्हीसांजेला दारे बंद होऊ लागली. अखेर तपास मुंबईच्या गुन्हे शाखेतील रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. १९६८ साली रामन राघवच्या प्रकरणाचा छडा लावणारे हेच ते अधिकारी.

अठरा जणांवर खटला भरला. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९ एप्रिल १९७७ रोजी तेथे निकाल लागला. काहींची दोषसिद्धी कायम राहिली. परंतु ज्या दोघांना सरकार पक्षाने कटाचे सूत्रधार ठरविले होते, त्यांना उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले होते आणि तो निर्णय सर्वोच्च न्यायालयातही टिकला. माफीच्या साक्षीदाराचा शब्द स्वतंत्र आधाराशिवाय स्वीकारू नये, हा सावधपणाचा नियम न्यायालयाने काटेकोरपणे लावला. दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षा सुनावण्यापूर्वी शिक्षेबाबत त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, या १९७३ च्या फौजदारी संहितेतील नव्या तरतुदीचीही या निकालात चर्चा झाली. त्यामुळे वकील मंडळी आजही मानवतचा दाखला देतात. त्या दोघांची नावे आम्ही येथे हेतुतः लिहीत नाही. न्यायालयाने मोकळे केलेल्या माणसाला लेखणीने पुन्हा बांधणे आम्हांस उचित वाटत नाही.

पडद्याची अडचण नेमकी येथेच सुरू होते. प्रेक्षकाला अखेरीस गुन्हेगार हवा असतो. न्यायालय मात्र कित्येकदा ‘सिद्ध झाले नाही’ एवढेच सांगून थांबते.

या विषयावर पहिला चित्रपट आला तो १९८१ साली : ‘आक्रीत’. अमोल पालेकर यांचे हे पहिलेच दिग्दर्शन आणि पटकथा विजय तेंडुलकर यांची. त्यांनी व्यक्तींची नावे बदलली. पालेकर स्वतः मुकुटराव झाले आणि चित्रा पालेकर रुही. पोलिसी चातुर्याच्या कथेपेक्षा गावातली सत्ता, वासना आणि धनलोभ यांची उकल करण्याकडे त्यांचा कल होता. फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कारही मिळाला. नावे बदलल्याने दिग्दर्शकाला मोकळीक मिळाली आणि खऱ्या माणसांनाही थोडा आडोसा मिळाला, असे आम्हांस वाटते. तरी एक धोका उरतोच. रुही ही पारधी समाजातली दाखविली आहे. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींना तो कायदा १९५२ साली रद्द झाल्यावरही समाजाने मोकळे केले नव्हते. अशा वेळी एका पात्राचे पाप प्रेक्षक साऱ्या जमातीच्या पदरात घालण्याची भीती असते.

दुसरे रूपांतर चार दशकांनंतरचे. रमाकांत कुलकर्णी यांनी आपल्या तपासांच्या आठवणी ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या इंग्रजी पुस्तकात लिहिल्या. त्यांवर आधारलेली ‘मानवत मर्डर्स’ ही आठ भागांची मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सोनी लिव्ह’वर आली. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचे; कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. येथे कथेचा धागा तपास अधिकाऱ्याच्या हाती आहे. तो येतो, पाहतो, विचारतो, जोडतो, आणि आपण त्याच्यामागून चालतो. गुप्तहेरकथेचा हाच जुना साचा आहे आणि तो वाईट नाही. अंधश्रद्धेने गोठलेल्या गावात शांतपणे पुरावा शोधणारा माणूस दाखविणे हीदेखील एक सेवाच आहे. परंतु या साच्यात मेलेल्या मुली केवळ कथेच्या पायऱ्या होऊन बसण्याचा संभव असतो. नायक पुढल्या प्रकरणाकडे जातो. आई मात्र तेथेच राहते.

आपल्या वाचकांना जी. के. चेस्टरटन यांचा फादर ब्राऊन आठवेल. १९१० साली अवतरलेला हा साधासुधा धर्मगुरू गुन्हे उकलतो तो भिंग लावून नव्हे. पापनिवेदन ऐकून ऐकून त्याला मानवी मन ठाऊक झालेले असते; हे पाप आपल्याही हातून घडू शकले असते, हे जाणूनच तो गुन्हेगाराकडे पाहतो. १९५४ साली ॲलेक गिनेस यांनी ही भूमिका पडद्यावर केली. फ्रान्समधील चित्रीकरणाच्या वेळी झग्यातल्या त्या नटाला खरा धर्मगुरू समजून एका अनोळखी मुलाने विश्वासाने त्यांचा हात धरला, ही आठवण त्यांनी आत्मचरित्रात नोंदविली आहे. १९५६ साली ते कॅथलिक झाले.

मुलाने निःशंकपणे मोठ्या माणसाचा हात धरावा, हाच विश्वास मानवतमध्ये मोडला होता. त्यामुळे या कथेचे रूपांतर करणाऱ्याने, आणि ते पाहणाऱ्या आपणही, ‘खुनी कोण?’ या प्रश्नापाशी थांबून चालणार नाही. शेजारच्या घरातली लेकर धनासाठी बळी द्यावी, असे सुचण्याइतके मन कसे मरते, हे विचारले पाहिजे. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा केला. मानवतनंतर त्याला चाळीस वर्षे लागली. कायदा आला म्हणून लोभ आणि भय संपले, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

तरुणांनी अशा मालिका पाहू नयेत, असे आम्ही सांगणार नाही. घरातल्यांनी त्या एकत्र पाहाव्यात आणि पाहून झाल्यावर दूरदर्शनसंच बंद करून थोडे बोलावे. न्यायालयाने काय मानले आणि पडद्याने काय रंगविले, हे मुलांना वेगळे करून सांगावे. आणि तपास अधिकाऱ्याचे नाव जसे लक्षात राहते, तशाच त्या दहा जणीही स्मरणात राहतील एवढे पाहावे.